पोरगा म्हणते दगड, नवरा खाते सहा

एका ताईंचं पत्र आलं आहे, ते थोडक्यात असं. ताई नागपूरच्याच, वय 37, नोकरी करतात, घरी नवरा, 8 वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. संक्रांतीच्या आसपास त्यांनी ठरवलं की बाहेरचं मैद्याचं बिस्किट आता घरात येणार नाही. ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) घेतला, आणि तेव्हापासून दर रविवारी ज्वारी, नाचणी, ओट्स, गूळ, केळं घालून हेल्दी कुकीज करून राहिल्या. पहिल्या वेळी भुगा झाला, दुसऱ्या वेळी दगड, तिसऱ्या वेळी काळ्या झाल्या आणि साबणासारख्या लागल्या. मुलगा शाळेत मित्राला आपल्या दोन कुकीज देतो आणि त्याच्याकडून एक क्रीमचं बिस्किट घेतो, हे त्याच्या मॅडमकडून कळलं. नवऱ्याची शुगर बॉर्डरवर आहे, पण तो मात्र रोज रात्री टीव्हीसमोर सहा-सहा खातो, वर म्हणतो "हेल्दी आहे नं, तूच तर केल्या." सासूबाई म्हणतात, "एवढा खटाटोप काहून करतेस, एक पुडा आणला की झालं." ताई विचारतात, माझं नेमकं काय चुकून राहिलं, रेसिपी बदलू की हा नादच सोडू, आणि सोडला तर हरल्यासारखं वाटेल त्याचं काय. सोबत रेसिपी पाठवली आहे. आणि शेवटी एक ओळ, की दगडवाल्या बॅचमधल्या 14 कुकीज अजून डब्यात पडल्या आहेत.

ताई, खरं सांगू, त्या क्रीमच्या बिस्किटाच्या सौद्यावर मी भल्ली हसले. दोनाला एक! पोट्ट्याला बाजारभाव बरोबर कळतो. पण तुम्ही एक गोष्ट बघितली नाही, तो मित्र त्या दोन घेतो नं? रोज घेतो. म्हणजे नागपुरात तुमच्या कुकीजला एक तरी गिऱ्हाईक आहे, फक्त ते तुमच्या घरचं नाही.

रेसिपीवर येतेच. पण आधी हे बघा की तुम्ही त्या एका कुकीला कामं किती सांगितली आहेत. मुलाला नाचणीचं कॅल्शियम मिळालं पाहिजे, नवऱ्याची शुगर वाढायला नको, मैदा बंद, साखर बंद, तूप बंद, डब्यातही चालली पाहिजे, सासूबाईंना पटली पाहिजे, आणि वरून तुम्हाला आई म्हणून बरं वाटलं पाहिजे. वीस-पंचवीस ग्रॅमचा गोल तुकडा आहे हो तो. एवढी कामं तर आपल्या नगरसेवकालाही कोणी सांगत नाही.

तुमची रेसिपी मी कागदावर मांडली. ज्वारीचं पीठ 100 ग्रॅम, नाचणी 50, ओट्स 50, गूळ 150, तेल 100 मिली, एक केळं, एक चमचा खायचा सोडा, आणि यात 20 कुकीज. आता नाचणीचंच घ्या. 100 ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्राम कॅल्शियम असतं, भरपूरच आहे ते, पण तुमच्या एका कुकीत नाचणी किती आली? अडीच ग्रॅम. म्हणजे कॅल्शियम आठ-नऊ मिलिग्राम. एक कप दुधात याच्या वीस-पंचवीस पट असतं. नाचणी द्यायचीच असेल तर सकाळी आंबील द्या, नाचणीचा डोसा करा, भाकरी करा, तिथे ती 40-50 ग्रॅम पोटात जाते. कुकीत नाचणी घालावी ती चवीसाठी आणि रंगासाठी, औषध म्हणून नाही.

आता गूळ. इथे मला तुमच्याशी जरा भांडायचं आहे. 150 ग्रॅम गूळ 20 कुकीजमध्ये म्हणजे एकीत साडेसात ग्रॅम, आणि नवरोजी खातात सहा, म्हणजे रात्री जेवणानंतर 45 ग्रॅम गूळ. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम, सहा चमचे. त्यात मधही धरतात आणि सिरपही. गूळ काही वेगळ्या रांगेत उभा राहत नाही, तो पण बहुतेक सगळा साखरच आहे, थोडा ओलावा, थोडे क्षार, थोडं लोह आणि खूप सारी चव. चव हे कारण मला शंभर टक्के मान्य आहे. मला स्वतःला गुळाचीच आवडते. पण "गूळ घातला, आता शुगरवाल्याला चालते" हे जे आपल्याकडे घरोघरी बोललं जातं, ते चूक आहे, आणि तुमच्या घरात त्या एका समजुतीवर रोज सहा कुकीज उडून राहिल्या आहेत. तेल धरून हिशोब केला तर एक कुकी साधारण 110 कॅलरीची पडते. सहा म्हणजे साडेसहाशेच्या वर. ज्वारीच्या मध्यम आकाराच्या जवळपास चार भाकऱ्या! तुमचा नवरा जेवणानंतर चार भाकऱ्या आणखी खाऊन राहिला, फक्त त्या गोल, गोड आणि टीव्हीसमोर आहेत म्हणून कोणाला दिसत नाहीत. बाहेरचा पुडा असता तर तो दोनवर थांबला असता कदाचित, कारण पुड्याची भीती वाटते. तुमच्या कुकीची भीती वाटत नाही, हीच तर अडचण आहे.

म्हणून त्यांच्यासाठी रेसिपी बदलायची नाही, डबा बदलायचा. डबा सोफ्याजवळ नाही, स्वयंपाकघरात वरच्या फळीवर. एक कुकी, फार तर दोन, बशीत काढून द्यायची, आणि रात्री टीव्हीसमोर नाही, दुपारच्या जेवणासोबत. बाकी त्यांचे रिपोर्ट घेऊन डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाकडे जाऊन या, शुगरचं उत्तर कुकीत शोधू नका. आणि "डायबेटिक कुकीज" असं लिहिलेलं महागडं पाकीट पण आणू नका लगेच, आधी मागची बाजू वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. समोर गव्हाच्या ओंब्या आणि मल्टिग्रेन लिहिलेल्या बऱ्याच पुड्यांवर मागे पहिलं नाव मैद्याचंच निघतं. एकदा मुलाला घेऊन दुकानात हा खेळ खेळा, त्याला वाचता येतं आता, मजा येईल.

बरं, आता दगडाकडे वळू.

भाकरी करता नं तुम्ही? ज्वारीचं पीठ थंड पाण्यात भिजवलं तर थापताना तुटतं, म्हणून आपण कढत पाणी घालतो, मग त्याला चिकटपणा येतो. पीठ जुनं झालं की विरी जाते, मग कितीही मळा, भाकरीला चिरा पडतातच. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, पण कुकी करताना आपण हे विसरतो कारण रेसिपी मोबाईलवरून घेतलेली असते. गव्हात ग्लुटेन असतं, ते धरून ठेवतं, ज्वारी-नाचणीत ते नाहीच, आणि कुकीत कढत पाणीही नाही, मग ते पीठ एकमेकांना धरणार कशानं? म्हणून पहिला भुगा. मग तुम्ही घाबरून दुसऱ्या वेळी केळं वाढवलं असेल आणि वेळही वाढवला असेल, पंचवीस-तीस मिनिटं, बरोबर? कारण पंधरा मिनिटांनी बघितलं तर कुकी मऊच होती. ताई, कुकी ओव्हनमधून मऊच निघते! ती ट्रेवर थंड होताना कडक होते. ओव्हनमध्येच कडक झाली म्हणजे बाहेर येऊन दगड होणार, हे ठरलेलं. कडा किंचित सोनेरी दिसल्या की बाहेर, मध्ये बोट लावलं तर खळगा पडला तरी चालतो, दहा मिनिटं हात लावायचा नाही. हे एक जरी पाळलं तरी अर्धं काम झालं. मी स्वतः पहिल्या वर्षी अशा किती जाळल्या आहेत ते आमच्या घरच्यांना विचारा, नको, विचारूच नका.

तिसऱ्या बॅचचा साबण म्हणजे सोडा. 200 ग्रॅम पिठाला पूर्ण चमचा म्हणजे फारच झाला, पाव चमचा पुष्कळ. जास्तीचा सोडा विरायला तेवढं आंबट काही त्यात नाही, मग तो तसाच राहतो, साबणासारखा लागतो आणि रंगही काळपट करतो. नाचणी होतीच त्यात भर घालायला.

माझं म्हणणं असं आहे की अमेरिकन पद्धतीची ती मोठी, चपटी, चिवट कुकी ज्वारी-गुळातून काढायचा हट्टच सोडा. ती कुकी मैदा, बटर आणि साखरेच्या जोरावर तशी होते, तुम्ही तिन्ही काढून घेतले आणि रूप मात्र तेच मागून राहिल्या. आपल्याकडे खुसखुशीत, तोंडात टाकली की विरघळणारी नानखटाई आहे नं, तिला ग्लुटेन नकोच असतं, उलट कमी असेल तितकी ती छान होते. ज्वारीचा जो दोष तुमच्या कुकीत आहे तोच नानखटाईत गुण होतो.

असं करून बघा. कणीक 100 ग्रॅम, ज्वारीचं ताजं पीठ 50, नाचणी 25, बेसन 25. कणीक आणि ज्वारी सोडून फक्त नाचणी आणि बेसन मंद आचेवर पाच-सात मिनिटं कोरडंच भाजा, खमंग वास आला की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या, गरम पीठ तुपात टाकलं की सगळं वितळून बसतं. तूप 100 ग्रॅम, पातळ नाही, रवाळ थिजलेलं. तेल नको, तेलानं हा पोत येत नाही. तुपाला एवढं घाबरू नका, शंभर मिली तेल चालत होतं नं तुम्हाला? कॅलरीत दोघं जवळजवळ सारखेच. तुपात 70 ग्रॅम पिठी साखर किंवा चाळलेली गूळ पावडर घालून हातानंच फेसा, पाच मिनिटं, पांढरट आणि हलकं होईपर्यंत. गूळ असेल तर तेवढं पांढरं होणार नाही, चालेल. मग पिठं, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ. गोळा होत नसेल तरच चमचा-दोन चमचे दूध. मळायचं नाही, गोळा करायचा फक्त. झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये, कारण कणकेतला कोंडा ओलावा हळूहळू पितो आणि आपल्याकडे मार्चनंतर तूप बाहेर ठेवलं की त्याचं तेलच होते, 45 डिग्रीत नानखटाई ओव्हनमध्ये जायच्या आधीच पसरते. 24 छोटे गोळे करा, थोडे दाबा, वर काट्यानं रेघा किंवा एक चारोळी. ओव्हन आधी दहा-पंधरा मिनिटं तापवून 160 वर, साधारण 15 मिनिटं. प्रत्येक ओटीजीचा स्वभाव वेगळा असतो म्हणून पहिल्यांदा चारच गोळे भाजून बघा, बाकीचे फ्रीजमध्ये.

एकीत साखर तीन ग्रॅमच्या आत येते आणि कॅलरी साधारण 80. दोन खाल्ल्या तरी तुमच्या आधीच्या एका कुकीपेक्षा गोड कमीच. म्हणून मी म्हणते, हेल्दी करायचं असेल तर आधी आकार लहान करा आणि गोड कमी करा, धान्य नंतर बदला. आपण नेमकं उलटं करतो.

केळं काढून टाका यातून. केळ्यानं कुकी केकसारखी होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओलसर, पावसाळ्यात तर बुरशीच. अंडं खात असाल तर वेगळी गोष्ट, नाहीतर काही बांधायला हवं असेल तेव्हा जवस आहे. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी चिकट होते. तुमच्या यादीत "फ्लॅक्ससीड, ऑनलाईन" असं लिहिलेलं दिसलं. अहो ताई, विदर्भात राहून फ्लॅक्ससीड ऑनलाईन! ते आपलं जवसच आहे, ज्याची चटणी आपण भाकरीवर तेल टाकून खातो. इतवारीत कोणत्याही किराण्याच्या दुकानात सुटं मिळेल. ज्वारीचंही तेच. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरड धान्य वर्ष झालं आणि तेव्हापासून आपल्या आजीची ज्वारी चकचकीत पाकिटात मिलेट होऊन बसली. पाकीट घेऊ नका, ज्वारी घेऊन चक्कीवर किलोभर दळून आणा, आठ-दहा दिवसात संपवा. जुनं पीठ कडू लागतं, आणि मग दोष रेसिपीला.

आता सासूबाई. तुम्ही लिहिलं की त्या टोमणा मारतात. मारत असतील. पण "एक पुडा आणला की झालं" यात मला दुसरंही काही ऐकू येतं, की सून दर रविवारी तीन तास ओव्हनसमोर उभी आहे आणि शेवटी रडवेली होते, हे बघवत नाही. विचारून तर बघा. आणि अजून एक विचारा, त्यांच्या लहानपणी बेकरीत कणीक घेऊन जायचे का.

आमच्याकडे नागपूरच्या महाल भागात उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आई ॲल्युमिनियमच्या डब्यात कणीक, एका पातेल्यात तूप, कागदाच्या पुडीत साखर असं देऊन मला आणि भावाला बेकरीत पाठवायची. तिथं नंबर लागायचा. आपल्याच कणकेचं आपल्यासमोर मळायचे, लांबट रेघारेघांची बिस्किटं काढायचे, काळ्याभोर पत्र्यावर ओळीनं, आणि पत्रा भट्टीत सरकवला की तो वास यायचा. आपलं तूप दुसऱ्याच्या बिस्किटात जाऊ नये म्हणून भाऊ पत्र्यावरून नजर हलवायचा नाही. घरी येईपर्यंत डबा मांडीवर गरम, आणि वाटेतच चार-पाच गायब. त्या बिस्किटांना कोणी हेल्दी म्हणत नव्हतं, आट्याची बिस्किटं म्हणायचे, आणि पाहुणे आले की आई मोजून दोन द्यायची. मोजून! सासूबाईंकडे पण असं काहीतरी निघेल बघा. मग त्यांना बेसन भाजायला बसवा. बेसनाचा वास नेमका कधी बदलतो ते त्यांच्या नाकाला तुमच्या टायमरपेक्षा जास्त कळतं. आणि स्वतः भाजलेल्या बेसनाच्या नानखटाईला कोणी पुड्यापेक्षा वाईट म्हणत नाही, माणसाचा स्वभावच आहे तो.

ओव्हनचा कंटाळा आला असेल तर अशी बेकरी आजही शोधता येते, आपलं सामान घेऊन करून देणारी. फक्त तूप तुमचं द्या किंवा ते काय घालतात ते विचारा. वनस्पती आणि मार्जरीन बेकरीत सर्रास असतं. 2022 पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे आधीपेक्षा बरं, तरी पैसे देऊन खायचं तर विचारायला काय लाजायचं.

मुलाच्या डब्यात मात्र कुकी देऊच नका सध्या. डबा म्हणजे पोट्ट्यांची विधानसभा असते, तिथे तुमची नाचणी रोज पडणार. पोळीभाजी, कधी पराठा, फुटाणे-शेंगदाणे, चिक्की, संत्र्याच्या दिवसात सोललेलं संत्रं. क्रीमचं बिस्किट त्याला महिन्यातून दोन-चारदा खाऊ द्या, तुमच्या समोर, लपून नाही. बंद केलेली गोष्टच तर सौद्यात महाग होते. आणि रविवारी गोळे त्याला वळू द्या, रेघा त्याला मारू द्या, वाकड्या होतील, होऊ द्या. आमच्याकडे भाचीने एकदा सगळ्या नानखटायांवर डोळे आणि मिशा काढल्या होत्या, बाजारची दिली तर ती म्हणाली याला तर मिशीच नाही.

आणि ते हरल्यासारखं वाटण्याचं. दर रविवार कोणी लावून दिला तुम्हाला? तुम्हीच नं? मग तुम्हीच पंधरा दिवसांवर आणा. एकदा गोळा केला की अर्ध्याचा रोल करून कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका, महिनाभर काही होत नाही, पाहुणे आले की कापून भाजा. आणि एखाद्या रविवारी ओव्हन लावूच नका, सगळ्यांना घेऊन तर्री पोहे खायला जा, त्यात हेल्दी काय आहे ते मात्र मला विचारू नका.

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली, नोव्हेंबरच्या आसपास, की याच नानखटाईत वेलचीऐवजी संत्र्याची साल किसून घाला. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसता येत नाही, म्हणून अख्खं संत्रं कोमट पाण्यात घासून धुवा, पुसा, आणि वरचा नारिंगी भाग तेवढा हलक्या हातानं किसा. पांढरं आलं की कडू.

राहिल्या त्या 14. टाकू नका. मिक्सरमधून फिरवा, जाडसर भरड निघेल, तेवढीच शेंगदाण्याची भाजलेली पूड घाला, दोन चमचे कोमट तूप, लागलं तर जरासं दूध, आणि छोटे लाडू वळा. गूळ वरून घालायचा नाही, त्यात आहे आधीच. मात्र साबणवाल्यांपैकी काही उरल्या असतील तर त्या तेवढ्या खरंच टाका.